पायाला कोण सांगणार

मी रिटायर झाले त्या दिवशी उस्मानभाईंनी माझी साडी नापास केली.

आख्खं आयुष्य सरकारी दवाखान्यात पांढऱ्या कपड्यात गेलेलं. निरोपसमारंभाला तरी रंगीत काही नेसावं म्हणून मी ठाण्याला जाऊन जांभळी हातमागाची साडी आणली होती. पिना लावून, आरशात चारदा बघून मी जिना उतरत होते आणि उस्मानभाई वर येत होते. आमच्या मजल्यावर माझी खोली तिसरी, त्यांची पाचवी. जिना अरुंद, म्हणून ते वळणावर अंग चोरून उभे राहिले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हणाले, "सिस्टर, पदराच्या खाली वीतभर सोडून एक आडवा धागा डबल आलाय. दुकानदार परत घेईल. नेसायच्या आधी दाखवायला पायजे होतं."

"उस्मानभाई, आज माझा ड्युटीचा शेवटचा दिवस आहे," मी म्हटलं.

"मुबारक," ते म्हणाले. "पण धागा डबल हाय."

आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी साडी घेऊन गॅलरीत उन्हात बसले आणि नखाने चाचपत गेले. सापडला मेला तो धागा. केसाएवढा. नेसलेल्या साडीत, जिन्याच्या उजेडात, चार पायऱ्या खालून त्या माणसाला तो दिसला होता. मग मीच त्यांच्या दारात गेले आणि सांगितलं, "होता." ते म्हणाले, "बसा, चहा टाकतो." माफी नाही, मिरवणं नाही. असा माणूस.

उस्मानभाई भिवंडीतलेच. त्यांच्या वडिलांच्या वेळेस घरात चार लूम होते. ते लूम गेले, आणि उस्मानभाई एका व्यापाऱ्याच्या गोदामात चेकर म्हणून लागले. चेकर म्हणजे लूमवरून उतरलेलं कापड तपासणारा. तिरप्या काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट, वरून कापड सरकतंय, आणि समोर हे बसलेले. कुठे तार तुटलीय, कुठे तेलाचा डाग आहे, कुठे धागा सुटलाय, ते बघायचं आणि खोट दिसली की तिथे किनारीला लाल दोरा बांधायचा. म्हणजे घडी घालणाऱ्याला नुसत्या हाताला कळतं की इथे माल खराब आहे. लाल दोरा दिसला की त्या जागेला पुढे कोणी हात लावत नाही. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं.

दुसऱ्याच्या घरी गेले तरी पडदा चिमटीत धरून सूत सांगणार. लग्नात नवरीकडे न बघता तिच्या दुपट्ट्याकडे बघणार. आणि कापडावर पाय देणार नाहीत. गोदामात तागे जमिनीवर पसरलेले असले तर हा माणूस सगळ्या गोदामाला वळसा घालून टेबलाकडे जायचा. एका हमालाने वरचा माल काढायला ताग्यांवर पाय ठेवला तेव्हा त्याला म्हणाले होते, "तुझ्या ताटात मी उभा राहू का?" घरात पायपुसणंसुद्धा काथ्याचं. त्यांच्या बायकोने, जुबेदाभाभीने, एकदा जुन्या चादरीचं पायपुसणं शिवलं, तर हे महिनाभर उंबऱ्यावरून उडी मारून आत येत होते. भाभी हसून हसून मला सांगायच्या. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक होतं हे लिहून ठेवते, कारण पुढे माझ्या डोक्यात शेण भरलं.

जुबेदाभाभी गेल्या आणि ते एकटे पडले. मुलगी एकच, नसरीन, मीरा रोडला दिलेली. माझे मालक तर कधीच गेले आणि मूल झालं नाही. तेव्हा एका मजल्यावर दोन एकटी माणसं, मध्ये एक खोली, आणि खाली दिवसभर लूमची खटखट. संध्याकाळी कधी ते चहा करायचे, कधी मी. बोलणं फारसं नसायचं. दोघांनाही बडबडीची सवय नव्हती असं नाही, मी तर तोंडाळच, पण त्यांच्यासमोर गप्प बसता यायचं.

पहिली गडबड गोदामात झाली. त्यांनी पास केलेले तागे परत यायला लागले. चांगल्या मालावर लाल दोरे, आणि खराब माल सरळ गाडीत. शेठ भला माणूस, त्याने रागावण्याऐवजी त्यांना घरी बसायला सांगितलं. उस्मानभाईंना वाटलं चष्मा बदलायला हवा. चष्मा बदलला. मग दुसरा. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन. तरी टेबलावर समोर ठेवलेला ग्लास त्यांना मिळेना. हात बाजूबाजूने फिरायचा. चहा कपात ओतायला जायचे आणि कपाच्या शेजारी ओतायचे.

आणि डोकं अगदी शाबूत. नसरीनच्या लग्नात बिर्याणी कोणी केली, मी कोणत्या सालापासून या बिल्डिंगीत आहे, सगळं तोंडपाठ. त्यामुळे कोणालाच खरं वाटेना. नाक्यावर ओळखीची माणसं समोरून जायची आणि हे ओळख द्यायचे नाहीत. चाचा भाव खातात असं लोक म्हणायला लागले. मग त्यांनी उलट ठरवलं, की समोर कोणीतरी उभं आहे असं वाटलं की आपणच सलाम करायचा. एकदा रेडिमेडच्या दुकानाबाहेर टांगलेल्या झब्ब्याला त्यांनी वाकून सलाम केला, खुशाली विचारली, जवाब येईना म्हणून परत विचारली. माणसं हसली. ते मला त्यांनी स्वतःच सांगितलं. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून ते नाक्यावर जायचे बंद झाले.

शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे अकलोलीच्या गरम कुंडात सात दिवस आंघोळ करा. मी नसरीनला फोन करून सांगितलं, की हे डोळ्याचं दुखणं नाही, मोठ्या डॉक्टरला दाखव. आम्ही तिघं मुंबईला गेलो. मेंदूचे फोटो झाले, चित्रं ओळखायला लावली, घड्याळ काढायला लावलं. उस्मानभाईंनी गोल काढला आणि सगळे आकडे गोलाच्या बाहेर, एकाच कोपऱ्यात मांडले. डॉक्टरने सांगितलं की हा डिमेन्शियाच आहे, फक्त वेगळ्या जागी लागलाय. आठवणीच्या आधी बघणं जातंय. डोळे ठीक आहेत, पण डोळ्यांनी आणलेलं समजून घेणारा मेंदूचा मागचा भाग आकसतोय.

परतताना मानकोलीला ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली. दोन्ही बाजूंना गोदामं, ट्रक लागलेले. उस्मानभाई म्हणाले, "समजलं मला. ट्रक दारात उभा हाय. उतरून घ्यायला हमाल न्हाय."

नसरीन मागच्या सीटवर रडायला लागली. आणि रडता रडताच तिने जाहीर केलं की अब्बांना ती आजच मीरा रोडला नेणार. अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, बाथरूम घरातच आहे. आमच्या मजल्यावर संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांत मिळून एक.

उस्मानभाई पुढे बघत म्हणाले, "मी न्हाय येणार."

"अब्बा, हट्ट नको."

"हट्ट न्हाय बेटा. इथे लूमचा आवाज खिडकीतून येतो, म्हणून मला खिडकी कळते. नळाचा आवाज डाव्या हाताला. सिस्टरच्या कुकरच्या शिट्ट्या उजव्या हाताला. तुझ्याकडे सगळं बंद, एसी. मला काय कळणार मी कुठे बसलोय?"

नसरीनने माझ्याकडे बघितलं. "आन्टी, तुम्ही बघाल? पण एक सांगते. एकदा जरी पडले ना, तर मी नेणार. मग माझ्याशी कोणी वाद घालायचा नाही."

मी हो म्हटलं. हेच सगळं होतं मग पुढे. पडायचं नाही, आणि घरात राहायचं.

मी वॉर्ड चालवलेली बाई. मला वाटलं यात काय एवढं. पहिले पंधरा दिवस मी त्यांचा छळ केला. सकाळी जाऊन वस्तू समोर धरायची आणि विचारायचं, हे काय? चमचा. हे काय? ते तोंड लहान करून म्हणायचे, "कंगवा?" मी म्हणायचे, "नीट बघा ना." नीट बघा! ज्या माणसाने चार पायऱ्या खालून धागा बघितला त्याला मी नीट बघायला सांगत होते. दवाखान्यातली थेरपिस्ट मुलगी, मला नात असती तर तिच्या वयाची, तिला मी ऐटीत हे सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "सिस्टर, परीक्षा घेऊ नका. सोपं करून द्या." तिने एक कागद लिहून दिला. तो मी कपाटाला चिकटवला आणि वॉर्डातल्या ऑर्डरशीटसारखा पाळायला घेतला.

पांढऱ्या ताटात पांढरा भात त्यांना दिसतच नव्हता, म्हणून निळं ताट आणलं आणि पहिल्याच दिवशी ते पोटभर जेवले. एवढे दिवस माणूस अर्धपोटी उठत होता आणि आम्ही म्हणत होतो भूक मंदावली. फुलाफुलांची चादर काढली, कारण ती फुलं ते चिमटीत धरून उचलायला बघायचे. आरसा काढला, त्यातल्या माणसाला ते बसायला सांगत होते. टेबलावर एका वेळी एकच वस्तू. दारात गेलं की आधी आपलं नाव सांगायचं, मग जवळ जायचं. नमाजाच्या चटईवर मिनार आणि कमानी होत्या, त्यावर उभं राहायला त्यांचा पाय धजेना. मी चटई उलटी घातली, मागची बाजू साधी हिरवी. त्यांनी खूप विचार केला आणि म्हणाले, "वरच्याला दोन्ही बाजू दिसतात." आणि उभे राहिले.

आणि मग माझी हुशारी. कागदावर लिहिलं होतं की रोजच्या वस्तूंना ठळक रंगाची खूण करा. मी बाजारातून लालभडक दोऱ्याचं रीळ आणलं. माठाला लाल दोरा, ग्लासाला लाल दोरा, कडीला, नळाला, संडासच्या दाराला, सगळीकडे झोकात बांधला आणि घरी जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर उस्मानभाई पलंगावर तसेच बसलेले. ओठ सुकलेले.

"पाणी प्यायलात?"

"न्हाय."

"का? माठ समोर आहे, खूण केली आहे."

"म्हणून तर," ते म्हणाले. "माठ नापास केलात ना तुम्ही? ग्लासपण. मी म्हटलं सिस्टरनी चेक केलंय, काही कारण असेल. सकाळपासून संडासला पण गेलो न्हाय. तिथे पण दोरा हाय."

मी तिथेच खुर्चीवर बसून हसायला लागले आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. ते विचारत राहिले, "काय झालं, सिस्टर? हसता की रडता?" आवाजावरून त्यांना ठरवता येत नव्हतं, आणि चेहरा तर वाचता येत नव्हताच. मी म्हटलं, दोन्ही.

मग त्यांनीच रस्ता काढला. म्हणाले, "लाल दोरा खोटीलाच राहू दे. जिथे मला जायचं न्हाय तिथे बांधा." गॅसच्या बटणाला, इस्त्रीच्या प्लगला, जिन्याच्या तोंडाशी कठड्याला आम्ही लाल बांधला. त्या लाल दोऱ्याला ते अखेरपर्यंत कधी ओलांडून गेले नाहीत. आणि जिथे जायचं तिथे त्यांनी सुताची जाड दोरी मागितली. गॅलरीच्या भिंतीला ती दोरी आम्ही टोकापर्यंत खिळ्यांवर ताणली. त्यांच्या दाराशी एक गाठ, माझ्या दाराशी दोन, संडासच्या दाराशी तीन. गाठी त्यांनी स्वतः मारल्या. डोळे मिटून, पटापट. बघत मारायला गेले की बोटं गोंधळायची, डोळे मिटले की जमायचं.

दीड वर्ष ते त्या दोरीवर राहिले. डावा हात दोरीवर, उजवा छातीशी, अशी त्यांची चाल सगळ्या मजल्याला ठाऊक झाली. बादल्या, सायकली, चपलांचे ढीग लोकांनी आपणहून दुसऱ्या बाजूला घेतले. रोज संध्याकाळी दोन गाठींशी येऊन ते थांबायचे आणि म्हणायचे, "मी उस्मान." जसं काही मला कळत नव्हतं. नियम मी घातला होता की दारात नाव सांगायचं, तो त्यांनी स्वतःलाही लावून घेतला.

एकदा असेच बसलो होतो. वीज गेली, सगळे लूम थांबले. भिवंडीत लूम थांबले की कान बधिर होतात. उस्मानभाईंनी एकदम खुर्चीचे हात घट्ट धरले. खिडकी गेली होती त्यांची. मी म्हटलं, "मी इथेच आहे, तुमच्या समोर." ते म्हणाले, "तुम्ही बोलत राहा. काय पण बोला." मी काय बोलणार, वॉर्डातल्या औषधांची नावं सांगत बसले. पाऊण तासाने वीज आली. तेव्हा ते म्हणाले, "जुबेदा असती तर बरं झालं नसतं. तिचं तोंड मला तुकड्यातुकड्यात दिसलं असतं. आता आठवणीत सबंध हाय." मी कप उचलून मोरीत ठेवले.

नसरीन दर महिन्याला यायची. दोरी बघायची, निळं ताट बघायची, अब्बांचे गुडघे-कोपर तपासायची. खरचटलेलं काही सापडलं नाही की निमूट परत जायची. तिची पंचाईत मला कळत होती. तिला बाप हवा होता.

मग मजल्यावर फरशी आली. गॅलरीची जुनी कोबा जमीन उखडलेली, सगळ्यांनी मिळून चकचकीत टाइल्स बसवायच्या ठरवल्या. मी मीटिंगला होते. मी पण हात वर केला. मला आनंदच झाला होता, खरं सांगते. कोणत्या टाइल्स आणणार हे विचारायचं माझ्या टाळक्यात आलं नाही. आल्या त्या एक काळी एक पांढरी, बुद्धिबळाचा पट. वर चकाकी अशी की ट्यूबलाइट खाली पडलेली दिसावी. काम चालू होतं ते चार दिवस उस्मानभाईंना मी घरातच भांडं दिलं होतं. पाचव्या दिवशी दोरी परत लावली आणि त्यांना म्हटलं, चला.

ते उंबऱ्यावर थांबले. हात दोरीवर, पाय हवेत. पाय परत मागे. "इथे खड्डे कोणी खणले?" त्यांनी विचारलं.

"खड्डे नाहीत. काळ्या टाइल्स आहेत. सपाट आहे अगदी." मी त्यावर नाचून दाखवलं. चौसष्टाव्या वर्षी.

"ठाऊक हाय मला सपाट हाय," ते म्हणाले. "तुम्ही सांगताय म्हणजे सपाट असणार. पण पायाला कोण सांगणार?"

दोन दिवस ते खोलीबाहेर पडले नाहीत. मी सेक्रेटरीकडे गेले, भांडले. तो म्हणाला, सिस्टर, एका माणसासाठी फरशी उखडू का? त्याचंही चूक नव्हतं. रविवारी नसरीन यायची होती. अब्बा खोलीत भांड्यावर बसतात हे तिने बघितलं असतं तर पडायचीसुद्धा वाट बघितली नसती. शनिवारी संध्याकाळी मला युक्ती सुचली. कागदावर होतं, जमीन साधी हवी, चमक नको, नक्षी नको. मी रिक्षा करून त्यांच्या जुन्या गोदामात गेले आणि शेठकडून ग्रे कापडाचा एक तागा मागून आणला. न धुतलेलं, न रंगवलेलं, मातकट कापड. त्यांच्या दारापासून संडासपर्यंत, भिंतीला लागून, दोरीच्या बरोबर खाली तो अंथरला. कापड निसटू नये म्हणून दोन्ही कडांना दवाखान्यातलं चिकटपट्टीचं रीळ लावत गेले. गुडघ्यांवर बसून दोन तास. एकही काळा चौकोन दिसत नव्हता भिंतीकडच्या बाजूला. कठड्याकडे तेवढी हातभर फरशी उघडी राहिली. मी स्वतःवर इतकी खूश होते की त्यांना नुसतं दारातून ओरडून सांगितलं, "उद्या सकाळी बिनधास्त जा, खड्डे बुजवलेत." कशाने बुजवले ते सांगितलं नाही. सकाळी त्यांचा चेहरा बघायचा होता मला.

सकाळी मी दूध तापवत होते आणि धप्प आवाज आला.

ते कठड्याच्या बाजूला पडले होते. दोरीपासून लांब, त्या उघड्या राहिलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यावर. उजवं मनगट वाकडं झालेलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडले, "तिकडे कशाला गेलात? दोरी सोडून कशाला गेलात? इथे साधं होतं ना सगळं!"

"पायाला लागलं," ते म्हणाले. धाप लागली होती. "उंबऱ्यातून पाय टाकला तर पायाला कापड लागलं. ग्रे हाय. माल हाय कोणाचातरी. त्यावर पाय कसा देऊ?"

म्हणजे या माणसाला कठड्याच्या बाजूला खड्डे दिसत होते. खरेखुरे, खोल. आणि तरी तो दोरी सोडून, कापड ओलांडून त्या खड्ड्यांत उतरला, कापडावर पाय दिला नाही. आणि ते कापड मी अंथरलं होतं. बावीस वर्षं शेजारी राहून, काथ्याचं पायपुसणं रोज बघून, मी अंथरलं होतं. दवाखान्यात नेताना रिक्षात मी त्यांना म्हटलं, माझं चुकलं. ते म्हणाले, "तुम्ही खड्डे बुजवत होता. नियत चांगली होती." आणि थोड्या वेळाने हळूच, "सिस्टर, नसरीनला पडलो म्हणून सांगू नका. म्हणा, दार लागलं हाताला."

प्लास्टर घालून आम्ही परत आलो तेव्हा नसरीन येऊन बसली होती. तिने हात बघितला, मग माझ्याकडे बघितलं. उस्मानभाईही माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून बसले होते. मी एक शब्द बोलले असते, दार लागलं, तर निभावलं असतं. चाळीस वर्षांत मी पेशंटच्या नातेवाइकांशी शंभरदा खोटं बोलले आहे. पण मी घाबरले होते. सकाळचा तो आवाज कानातून जात नव्हता, आणि पुढच्या वेळी मनगटावर भागणार नाही असं वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर मी दमले होते.

"पडले," मी म्हटलं. "घेऊन जा."

उस्मानभाई मला रागाने काही बोलले असते तर बरं झालं असतं. नसरीनने बॅग भरली, मी निळं ताट त्यात ठेवलं. निघताना दारात ते एवढंच म्हणाले, "तो तागा शेठचा हाय. चिकटपट्टीचा गोंद निघेल का बघा, आणि परत पाठवा." मी तो रात्रभर रॉकेलच्या बोळ्याने पुसला आणि सोमवारी परत केला.

त्यांच्याकडे जायला मला चार महिने लागले. गुडघे दुखतात, मीरा रोड लांब आहे, अशी कारणं मी फोनवर देत होते. खरं म्हणजे तोंड दाखवायची हिंमत नव्हती, आणि त्यांना तोंड दिसत नाही याचाही आधार वाटत नव्हता. पुढे त्याच हिवाळ्यात न्यूमोनिया होऊन ते गेले. मी भेटले ते त्या एकदाच.

नसरीनने दार उघडलं आणि आत यायच्या आधीच कुजबुजत तक्रार सांगितली. "आन्टी, आम्ही सगळं करतो. हौसेने खोली सजवली त्यांच्यासाठी. पण ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात. पाव्हणे आले तरी पाठ फिरवून. एवढा कसला राग आमच्यावर?"

खोली खरंच हौसेने सजवलेली होती. पडद्यांवर मोठी मोठी गुलाबं. सोफ्यावर वेलबुट्टी. काचेचं शोकेस, त्यात आरसा, आरशात परत सगळी गुलाबं. खाली फरशी अशी की पंखा त्यात फिरताना दिसत होता. खिडक्या बंद, एसीची एकसुरी घरघर, बाकी आवाज नाही. आणि या सगळ्याकडे पाठ करून, एका कोपऱ्यात, जिथे फक्त पिवळसर रंग दिलेली मोकळी भिंत होती, तिथे उस्मानभाई खुर्ची लावून बसले होते. भिंत आणि गुडघे यांत वीतभर अंतर.

मी दारातूनच नाव सांगितलं. त्यांनी मान वळवली नाही. म्हणाले, "या सिस्टर. सांभाळून या, मध्ये पाणी हाय." पाणी म्हणजे ती फरशी.

एरवी मी हुकूम सोडले असते. पडदे काढ, शोकेस झाक, फरशीवर काहीतरी टाक. ते सगळं नंतर मी नसरीनला सांगितलंच, आणि तिने त्याच आठवड्यात केलंही. पण तेव्हा मी एक स्टूल ओढलं, त्यांच्या शेजारी ठेवलं आणि मीही भिंतीकडे तोंड करून बसले. नसरीन मागे उभी होती.

"रागावलात माझ्यावर?" मी विचारलं.

"थोडा वेळ रागावलो होतो," ते म्हणाले. "मग विसरलो. आता विसरायला पण होतं." मग त्यांनी प्लास्टर निघालेला हात पुढे केला, पंजा भिंतीवर टेकवला आणि विचारलं, "सिस्टर, इथे तुम्हाला काय दिसतं?"

"भिंत."

"अजून?"

मी नीट बघितलं. "काही नाही. नुसती भिंत."

"मला पण नुसती भिंतच दिसते," ते म्हणाले. "तुम्हाला दिसते तीच."

नसरीनने मागून दुसरी खुर्ची आणली आणि त्यांच्या पलीकडे लावली.